तिकडे कोण आहे आपलं?

कात्रीचा आवाज एवढासाच झाला. खिडकीपलीकडच्या मुलीने यांचा जुना पासपोर्ट उघडला, रद्द झाल्याचा शिक्का मारला आणि कव्हरचा कोपरा कात्रीत धरून कच्चकन कापला. तिकोनी तुकडा टेबलावर पडला, तिने तो बोटाने खालच्या डब्यात ढकलला आणि पासपोर्ट आमच्याकडे सरकवला. "जपून ठेवा काका, जुने शिक्के आहेत यात," असंही म्हणाली. बोलण्यात गोडवा होता. मुदत संपत आलेला पासपोर्ट बदलायला दिला की जुन्याचं असंच करतात, हे आम्हालाही ठाऊक होतं. पण माझ्या शेजारी उभा असलेला माणूस त्या आवाजासरशी दचकला, ते मी पाहिलं. माझ्याही पासपोर्टचा कोपरा लगोलग गेला, मला त्याचं विशेष काही वाटलं नाही. हे मात्र घरी येईपर्यंत स्कूटरवर एक अक्षर बोलले नाहीत. बिटको चौकात सिग्नलला थांबलो तेव्हा वरच्या खिशावर हात ठेवून आतला पासपोर्ट चाचपला, एवढंच.

नाशिकरोडला "प्रेसमध्ये आहे" म्हटलं की वर्तमानपत्र कुणाच्या मनात येत नाही. १९२५ पासून इथे इंडिया सिक्युरिटी प्रेस आहे. पोस्टाची तिकिटं, स्टँप पेपर आणि देशभराचे पासपोर्ट तिथे छापले जातात. यांनी तिथे चौतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची बरीचशी पासपोर्टांवर. कामाचं घरी बोलायचं नाही, हा यांचा पहिल्या दिवसापासूनचा नेम. मीही कधी खोदून विचारलं नाही. २०१६ मध्ये निवृत्त झाले तेव्हा हजारो माणसांना परदेशी धाडणाऱ्या या माणसाकडे स्वतःचा पासपोर्ट नव्हता. कुठे जायचंच नव्हतं, तर काढणार कशाला? मग काढला. पोस्टमन पाकीट देऊन गेला तेव्हा मी आधी माझा फोटो कसा आलाय ते पाहिलं. यांनी फोटोच्या पानाकडे बघितलंसुद्धा नाही. शिलाईवरून अंगठा फिरवला, एक पान उजेडाकडे धरलं, कव्हर मिटून कड डोळ्यांच्या रेषेत आणली आणि म्हणाले, "सरळ आलंय." लग्नात मुलीचा हात जावयाच्या हातात देताना यांचा चेहरा असाच होता.

तर त्या दिवशी कोपरा कापून घेऊन आम्ही घरी आलो. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, गॅलरीत उन्हाला बसल्या होत्या. जानेवारीतली आमच्याकडची थंडी, नऊवारीच्या काठाखालून करड्या मोज्यांतले पाय पुढे केलेले. वय नव्वद. नजर गेलीय, पण बोटांना सगळं दिसतं. यांनी पासपोर्ट त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो चहूकडून चाचपला आणि कोपऱ्याशी येऊन थांबल्या. "हे कुणी कुरतडलं रे?" यांनी समजावून सांगितलं. नवा येणार म्हटल्यावर आई जरा गप्प राहिल्या. मग जे साडेसात वर्षांपूर्वी आम्ही पहिल्यांदा निघालो तेव्हा विचारलं होतं, तेच परत विचारलं.

"तिकडे कोण आहे आपलं?"

पहिल्या वेळी मला राग आला होता. आता कुठे मोकळे झालो तर हेही विचारायचं का, असं वाटलं होतं. या वेळी राग आला नाही, पण उत्तरही सुचलं नाही, आणि ते काही केल्या मनातून जाईना. आईंच्या जगात जाणं म्हणजे कुणाकडे तरी जाणं. पंढरपूरला विठोबा आहे, वणीला देवी आहे, त्र्यंबकला निवृत्तिनाथ आहेत, सिन्नरला लेक आहे. काशीला गेल्या तेव्हाही गंगामाईला भेटून आले म्हणाल्या. आमच्या गल्लीतले दोघे-तिघे अमेरिकेला जाऊन आलेत, ते सुनेच्या बाळंतपणाला. कुणीही वाट बघत नसताना, पाठीवर पिशव्या घेऊन, कुठल्या कंपनीबरोबर नाही की ओळखीच्या माणसाचा पत्ता नाही, असं साठीच्या नवरा-बायकोने हजारो किलोमीटर आगगाडीने जाणं त्यांच्या कुठल्याच चौकटीत बसत नव्हतं. खरं सांगायचं तर माझ्याही नव्हतं. हट्ट यांचा होता. "विमानाने गेलं की मधली जमीन दिसत नाही," एवढंच यांचं कारण. मी अठ्ठावीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. नकाशावर छडी फिरवून तैगा, स्टेप, ओब, येनिसी पाठ करून घेतलं. मधल्या जमिनीचं नाव काढल्यावर मला नाही म्हणता येईना.

सप्टेंबर २०१८ मध्ये मॉस्कोच्या यारोस्लाव्स्की स्टेशनातून आम्ही इर्कुत्स्कची गाडी पकडली. पाच हजार किलोमीटरांहून जास्त अंतर, साडेतीन दिवसांच्या आसपास. ही गाडी पुढे व्लादिवोस्तोकपर्यंत जाते, ९,२८९ किलोमीटर. आपल्याकडे सगळ्यांत लांब धावते ती दिब्रुगडहून कन्याकुमारीला जाणारी विवेक एक्स्प्रेस, तीही साधारण ४,२०० ची, हे यांनी मला प्लॅटफॉर्मवरच ऐकवलं. आमचा डबा तिकडच्या भाषेत प्लात्सकार्त, म्हणजे आपला स्लीपरच. दारं नाहीत, चौपन्न बर्थ, आडवे चार आणि वाटेच्या पलीकडे साइडचे दोन. पाऊल ठेवलं आणि मला हायसं वाटलं. बायका उशांना अभ्रे चढवत होत्या, कुणी उकडलेली अंडी सोलत होतं, एक बाप्या बनियनवर आला होता. पंचवटीच्या डब्यात भाजी निवडत गप्पा मारणाऱ्या बायका पाहिलेल्या आम्हाला यात नवं काय वाटणार? डब्याच्या टोकाला पाणी उकळणारा मोठा बंब होता, चोवीस तास गरम. डबा सांभाळणारी बाई, तिला प्रोवोदनित्सा म्हणतात, पितळी नक्षीच्या धारकात बसवलेले काचेचे ग्लास चहासाठी देत होती. चहाला तेही "चाय"च म्हणतात. मी दशम्या, लसणाची चटणी, मेतकूट, भाजके पोहे असं बांधून नेलं होतं. बंबाच्या पाण्यात पोहे भिजवले, वर मेतकूट टाकलं, आणि उरल पर्वत मागे पडला तरी आमचं बरं चाललं होतं.

उरलचीही एक गंमत आहे. मॉस्कोपासून १,७७७ व्या किलोमीटरला रुळांच्या कडेला एक पांढरा स्तंभ आहे, युरोप इथे संपतो आणि आशिया लागतो. मी तासभर आधीपासून काचेला नाक लावून बसले होते. आला आणि गेला, डोळ्याचं पातं लवायच्या आत. दोन्ही बाजूंना झाडं तीच होती. पुस्तकात मी सायबेरियाची अरण्यं सूचिपर्णी म्हणून शिकवली, पण खिडकीतून दिवसच्या दिवस दिसली ती पांढऱ्या सालीची बर्च, पानं पिवळी पडायला लागलेली. मध्येच दलदल, मध्येच लाकडी घरांची ओळ, बटाट्याचं परसू, निळ्या रंगाची खिडकी, पुन्हा बर्च. घड्याळाचाही काही मेळ लागेना. आम्ही गेलो त्याच्या महिनाभर आधीपर्यंत, म्हणजे १ ऑगस्ट २०१८ पर्यंत, तिकडे तिकिटांवर देशभर मॉस्कोचीच वेळ असायची. मॉस्को आणि इर्कुत्स्क यांच्यात पाच तासांचा फरक आहे. तिकिटावरची वेळ आता स्थानिक होती, पण आमच्या शेजारणीचं मनगटी घड्याळ जुन्या सवयीने मॉस्कोचं होतं आणि माझं नाशिकचं. मग भूक लागली की जेवायचं आणि अंधार झाला की आडवं व्हायचं. लग्नाला एकतीस वर्षं झाली होती आणि आम्ही दोघं, कुणालाही उठून कामाला जायचं नाही असे, समोरासमोर पहिल्यांदाच बसलो होतो. पहिले दोन दिवस आम्हाला बोलायला सुचत नव्हतं. मुलीचं झालं, आईंच्या औषधांचं झालं, नणंद सिन्नरहून येऊन राहिली होती तिची काळजी करून झाली. मग खिडकी.

ओब नदीचा पूल आणि नोवोसिबिर्स्क मागे पडलं होतं. रात्रीची वेळ, डब्यातले मोठे दिवे मालवलेले. हे म्हणाले, "अगं, एक सांगायचं राहिलंय."

मला वाटलं, पैशांचं काहीतरी असेल.

"सेकंडला असलो की मी घरी उशिरा यायचो ना, ते पाळी उशिरा सुटायची म्हणून नाही. मी स्टेशनवर जायचो. एक नंबरवर चहा घ्यायचो आणि गाड्या बघत बसायचो. पंजाब मेल यायची, हावडा मेल यायची. डब्यांवरच्या पाट्या वाचायचो. फिरोजपूर. हावडा. मग यायचो घरी."

"किती वर्षं?"

"सगळीच."

मी हिशेब करू लागले. ताटावर झाकलेलं ताट, दोनदा गरम केलेलं वरण, कुशीत झोपलेली लेक, जिन्यात वाजणाऱ्या पावलांकडे लागलेला कान. दमून आले असतील म्हणून मी त्या वेळी कधी काही बोलत नसे. माझ्या तेवढ्या रात्री कुणीतरी परत मागून घेतल्यासारखं झालं. आणि त्याच वेळी डोळ्यांसमोर येत होता बाकावर एकटा बसून "फिरोजपूर" वाचणारा तिशीतला माणूस, डबा पिशवीत, चपला काढून पाय वर घेतलेला. त्याच्याबद्दल पोटात इतकं तुटलं की रागाला जागा पुरेना. दोन्ही एकदम कसं वाटू शकतं कोण जाणे. मी एवढंच विचारलं, "मला का नाही नेलंत कधी?" हे म्हणाले, "तुझी सकाळची शाळा असायची." ते खरंच होतं. मी भिंतीकडे तोंड करून पडले.

समोरच्या बर्थवर एक आजीबाई होत्या, पंचाहत्तरीच्या असतील. मॉस्कोपासून आमच्याबरोबर. आमचं बोलणं त्यांना कळायचा प्रश्नच नव्हता. त्या उठल्या, बंबावरून चहा करून आणला, साखरेचे दोन खडे ग्लासाशी ठेवले आणि माझ्या उशाशी असलेल्या फळीवर ठेवून परत आपल्या विणकामाला लागल्या. अंधारात सुया टिकटिकत होत्या. करडी लोकर, बोटांना टोचेल अशी. सकाळी मी उठून बसले तेव्हा त्यांनी यांच्याकडे बोट दाखवून "मामा?" असं विचारलं. आई आहे का, एवढंच विचारायचं होतं. यांनी फोनवर आईंचा फोटो दाखवला, गॅलरीतलाच, अनवाणी. आजीबाईंनी फोटोतल्या पावलांवर बोट ठेवून मान हलवली. मग माझं पाऊल स्वतःच्या वितीने मोजलं. मी खुणेने सांगितलं, याहून लहान. एक मोजा झालेला होता, दुसरा सुईवर. ते कुणासाठी विणायला घेतले होते ते आम्हाला आजही माहीत नाही. क्रास्नोयार्स्क यायच्या आत त्यांनी टाच वळवून तो पुरा केला, दोन्ही मोजे एकात एक गुंडाळले आणि माझ्या मांडीवर ठेवले. मी घाईघाईने उरलेला चिवडा आणि हळदीकुंकवासाठी नेलेली एक नथ त्यांच्या हातात दिली. गाडी थांबली. प्लॅटफॉर्मवर सतरा-अठरा वर्षांचा नातू न्यायला आला होता. लांब हातांचा, लाजरा. त्याने आजीची पिशवी घेतली आणि आमच्याकडे बघून हसला. येनिसी नदीचा पूल लागला तेव्हा यांनी विचारलं, "नाव काय होतं गं त्यांचं?" आम्ही विचारलंच नव्हतं.

२०२२ च्या फेब्रुवारीत लढाई सुरू झाल्याची बातमी लागली तेव्हा मला आधी तो मुलगा आठवला. एकविसाचा झाला असेल. अजूनही बातम्या लागल्या की आठवतो.

त्या गाडीच्या प्रवासानंतर, २०१९ मध्ये, आम्ही उझबेकिस्तानला गेलो. आईंनी या वेळी काही विचारलं नाही, कारण ताश्कंद हे नाव त्यांना माहीत होतं. ११ जानेवारी १९६६. शास्त्रीजी तिकडे वारल्याची बातमी आली त्या दिवशी आमच्या घरात चूल पेटली नव्हती. त्यांनी सांगितलं म्हणून आईंनी सोमवारचं रात्रीचं जेवण सोडलं होतं, ते त्यानंतरही कित्येक वर्षं पाळलं. ताश्कंदमध्ये शास्त्रीजींच्या नावाचा रस्ता आहे आणि त्यांचा अर्धपुतळाही. आम्ही तिथे उभे राहून आईंना फोन लावला, तर पहिला प्रश्न, "हार घातलात का?" घातला नव्हता. हे मला तिथेच ठेवून गेले आणि अर्ध्या तासाने कुठूनतरी लाल फुलं घेऊन आले.

बुखाऱ्याहून खिव्याची गाडी किझिलकुमच्या वाळवंटातून जाते. सहा तासांच्या वर वाळू आणि खुरटी झुडपं. बुखाऱ्यात आमचं कडाक्याचं भांडण झालं होतं, विषय आता आठवत नाही, ऊन मात्र आठवतं. आम्ही तोंड फिरवून बसलो होतो. शेजारच्या कुटुंबाने फडकं पसरून त्यांचा गोल नान काढला, मध्ये ठशाने टोचलेली नक्षी असलेला, कडेला फुगलेला. आजोबांनी तो हाताने मोडून सगळ्यांना वाटला, आम्हालाही. तिथे भाकरी सुरीने कापत नाहीत आणि उपडी ठेवत नाहीत. माझ्या हातून तुकडा खाली पडला. मी उचलून कपाळाला लावला, आपल्याकडे लावतो तसा, आणि बघते तो आजोबांचाही हात कपाळाकडे गेलेला. चहा मात्र पेल्याच्या तळाशी जेमतेम घोटभर देत होते. मला वाटलं, पाणी कमी असेल. इंग्रजी शिकणाऱ्या नातीने उलगडा केला: पाहुण्याला थोडा थोडा चहा ओततात, म्हणजे पुन्हा पुन्हा विचारता येतं. पेला काठोकाठ भरला की समजायचं, आता निघा. हे ऐकून हे हसले, मीही हसले, आणि भांडण त्या वाळूत कुठेतरी राहिलं. खिव्यापर्यंत आमचा पेला एकदाही भरला नाही.

मग कोविडची वर्षं आली. २०२३ मध्ये जॉर्जिया, आणि तो सगळा प्रवास रस्त्याने. गुडघे तोपर्यंत बोलायला लागले होते. तिबिलिसीहून कॉकेशस पर्वतात चढणारा जुना लष्करी रस्ता सुमारे २,४०० मीटरवरच्या खिंडीतून जातो. वडापसारख्या गाडीत आम्ही मागच्या बाकावर कोंबलेले. उतरलो त्या गावात ज्या बाईंकडे खोली घेतली, त्यांना इंडिया म्हटल्यावर काहीच कळेना. मी फोनवर नकाशा उघडला. त्यांचं बोट किनाऱ्यावरून खाली सरकत गेलं आणि थांबलं. "गोवा," त्या म्हणाल्या, "केतेवान," आणि छातीवर क्रूस काढला. जॉर्जियाची राणी केतेवान १६२४ मध्ये शिराझला मारली गेली, तिचे अवशेष ख्रिस्ती साधूंनी गोव्याला आणले. जुन्या गोव्याच्या मठाच्या अवशेषांत ते सापडले आणि २०२१ मध्ये भारताने त्यातला काही भाग जॉर्जियाला दिला. आम्ही चार वेळा गोव्याला गेलोय, मासे खाऊन आलोय. तिथे त्या बाईंचं कुणी चारशे वर्षं पडून होतं, हे मला माहीत नव्हतं. त्यांनी माझे दोन्ही हात धरले, आम्हीच त्यांची राणी सांभाळली असल्यासारखे. मला ते हात काढून घेता येईनात, आणि ठेवायलाही संकोच वाटत होता.

दर खेपेला परतताना मुंबईहून गाडीनेच घरी यायचं, हा यांचा नियम. कसाऱ्याला मागून बँकर इंजिनं लागली की हे खिडकीपाशी सरकतात. सदतिसात एकाचा चढ आहे, मागून ढकलल्याशिवाय गाडी चढत नाही. इगतपुरीला इंजिनं सुटतात, दार उघडं असलं तर गार वारा येतो, आणि मग नाशिकरोड. आता मलाही तो बाक माहीत आहे, एक नंबरवरचा. यांनी दाखवला. आम्ही त्यावर अजून बसलेलो नाही. मी मुद्दाम टाळते. तो यांचा आहे.

कापलेला पासपोर्ट आठवडाभर टेबलावरच होता. हे येता-जाता उघडायचे, शिक्के बघायचे, मिटायचे. एकदा म्हणाले, "कोपरा गेला, पण शिलाई बघ, एक टाका हललेला नाही."

परवा रात्री मी आईंच्या पायांना तेल लावायला बसले. मोजे काढले, तर उजव्या मोज्याची टाच उसवलेली. साडेसात हिवाळे झाले, दर थंडीत तेच घालतात. मुलीने पुण्याहून आणलेले मऊ मोजे कपाटात तसेच आहेत. मी म्हटलं, "आई, हे आता टाकू या." त्यांनी मोजा माझ्या हातातून काढून घेतला आणि उसवलेल्या जागी बोट घालून बघितलं.

"टाकायचं काय त्यात? नवा पासपोर्ट आला की जाल ना तुम्ही, तेव्हा त्या बाईला सांग. टाचेला उसवतंय म्हणावं. तिचं तिला कळेल कुठे चुकलं ते."

"सांगते," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी लोकरीच्या दुकानात तो मोजा घेऊन गेले. तसला करडा रंग मिळाला नाही. जो मिळाला तो थोडा गडद आहे.